दंडारीला आवतण

१५ ऑक्टोबर १९८९. नार्नूरच्या पुढे, डोंगरात.

डोळे उघडले तर धुकं थेट पडवीत. ह्यांना हलवलं, "पाहा तरी." "आपल्या मावल्यातबी सकाळ होते," म्हणाले आणि पांघरूण डोक्यावर ओढलं. इथल्या गोंड गावाचे भीमराव पटेल दरवर्षी आमच्याकडून वांग्याची रोपं नेतात, दरवर्षी म्हणतात, एकदा आमचा डोंगर पाहाले या. यंदा आलो, तर हे झोपायला!

शेवटी मी आणि जाऊबाई दोघीच टेकडीवर. धुकं फाटलं तशी खाली कारळाची पिवळीधमक शेतं दिसली. ज्वारी कणसावर. ओढ्याचं पाणी वरून पडतं तिथं पाय सोडून बसलो, सीताफळं खाल्ली, बिया कोण लांब उडवतं याची पैज लावली. जाऊबाई जिंकल्या. घरी या बाई कधी मोठ्यानं हसत नाहीत. इथं हसून हसून ठसका लागला.

भासरे आले नाहीत. ह्यांचे थोरले भाऊ. "वाफ्यांना पाणी कोण देईल?" असा निरोप जाऊबाईंमार्फत. आदिलाबादच्या बाजारापलीकडे हा माणूस हौसेनं कुठं गेलेला मला तरी आठवत नाही.

१६ ऑक्टो.

आज दंडारी पाहिली, गोंडांचा दिवाळीतला नाच. ढोल लांबून ऐकू येत होते, वाटलं नेहमीचं लग्नातलं वाजवणं असेल. पण गुसाडी म्हणतात ते नाचे अंगणात उतरले आणि माझ्या अंगावर काटाच आला. डोक्यावर मोरपिसांचे हे एवढे टोप, अंगाला राख, हातात काठी. एकजण उड्या मारत थेट जाऊबाईंसमोर येऊन गुरगुरला. त्या माझ्या पाठीमागे, मी ह्यांच्या पाठीमागे. सगळं गाव खदखदून हसलं. ह्यांची झोप मात्र उडाली.

पटेल म्हणाले, दिवाळी होईस्तोवर गुसाड्यांना आंघोळ नाही, अंगात देव असतो. ज्या गावाचं आवतण येईल तिकडं सगळी मंडळी नाचत जातात. ते गाव जेवू घालतं, उतरायला जागा देतं.

फार सुंदर. आणखी काय लिहू? इतकं सुखाचं बरेच दिवसांत काही पाहिलं नव्हतं.

१७ ऑक्टो. मावला.

परत. बस उटनूरला तासभर खोळंबली, तरी आज कुणावर चिडावंसं वाटलं नाही.

निघताना गंमत. सगळे पोचवायला आले होते. मी आपली रीतीप्रमाणे म्हणाले, "या हं आता आमच्याकडं, सगळे या." आपल्यात यावर समोरचा "येऊ येऊ" म्हणतो आणि विषय संपतो. पटेलांनी विचारलं, "कवा?"

आता कवा काय! म्हटलं, "दिवाळीले या." पटेलांनी म्हाताऱ्यांना गोंडीत काहीतरी सांगितलं, सगळ्यांनी माना हलवल्या, ढोलावर एक थाप पडली. किती लाघवी माणसं.

२१ ऑक्टो.

मेले!

ह्यांना बाजारात पटेलांच्या गावचा माणूस भेटला. म्हणे, "आमी धनतेरसले तुमच्याकडे येऊन राह्यलो. तीस-पस्तीस जन. बाईनं दंडारीले आवतन देल्लं ना." दुसऱ्या दोन गावांनी बोलावलं होतं, त्यांना पटेलांनी नाही सांगितलं. आमच्यासाठी.

हे माझ्याकडे पाहतात, मी चुलीकडे. "तुले कोनं सांगतलं होतं बोलाले?" अहो, निरोप घेताना माणूस दुसरं काय बोलतं?

आता नाही म्हणायचं तर पटेलांची त्यांच्याच गावात मान खाली जाणार. माझ्यावर विश्वास ठेवून त्यांनी शब्द दिला. आणि हो म्हणायचं तर भासऱ्यांना सांगायचं. परसात हात ठेवायला जागा नाही. मेथी, कोथिंबीर, फुलकोबी. वाफ्यात कोंबडी शिरली तरी ते दिवसभर जेवत नाहीत. पस्तीस माणसं नाचणार कुठं?

२३ ऑक्टो.

हे म्हणाले, मी नाही सांगत, तू निस्तर. मी कशी निस्तरू? लग्न होऊन इतकी वर्षं झाली, भासऱ्यांशी एक शब्द थेट बोललेले नाही. समोर आले की पदर सावरायचा, बाजूला व्हायचं. काही सांगायचं तर जाऊबाईंमार्फत. रागलोभ कसलाच नाही, रीतच तशी.

जाऊबाई "आज सांगतो, आज सांगतो" करत दोन दिवस घालवून बसल्या. काल म्हणाल्या, जेवताना सांगतो. जेवताना त्यांनी विचारलं, "अजून एक भाकर देऊ काय?" झालं सांगून.

२५ ऑक्टो.

अजून नाही. चिवडा केला. करंज्या उद्या.  दारातूनच परत पाठवलं त्यांनी पाहुण्यांना, तर? ते देव अंगात घेऊन येणार आणि आम्ही फाटक लावणार. छे.

२६ ऑक्टो. वसुबारस.

आज मीच सांगितलं. गाईला.

भासरे दावं धरून उभे, मी पूजेला. जाऊबाई ताट घेऊन मागे. कुंकू लावलं आणि तोंड गाईकडे ठेवूनच म्हटलं, "गायमाय, तुले एक सांगाचं हाय. उद्या आपल्या घरी डोंगरातले पाहुने येऊन राह्यले. दंडारी. तीस-पस्तीस जन. आवतन म्याच देल्लं. तोंडातून निघून गेलं, पन आता फिरवलं तं पटेलाचं तोंड खाली जाईन."

 मग वरून आवाज, तोही गाईलाच. "गाये, तिले ईचार, नाचतीन कुठं? माह्या वाफ्यायत?"

"वाफ्यायत नाई, गायमाय. विहिरीपाशी."

"विहिरीपाशी चार मानसं धड उभे राहत नाईत, सांग तिले."

गाय बिचारी या तोंडाकडून त्या तोंडाकडे. तिला नैवेद्य हवा होता. जाऊबाईंनी पदर तोंडात कोंबला होता, ताटातलं निरांजन लटलट हलत होतं. भासरे दावं बांधून निघून गेले. 

रात्री हे हसून हसून लोळले. मी नाही हसले. म्हणजे हसले, पण नंतर.

२७ ऑक्टो. धनतेरस.

पहाटे परसात गेले तर भासरे मेथीच्या मोठ्या वाफ्यात. विळा चालू. अर्धा वाफा रिकामा, जुड्यांचा हा ढीग. लक्ष्मीपूजनाच्या बाजारासाठी राखलेली मेथी! मी तिथंच उभी. त्यांनी पाहिलं, न पाहिल्यासारखं केलं. उन्हं येईपर्यंत वाफा साफ, वरंबे मोडून जमीन चोपून सपाट केलेली. डोळे भरून आले. भला माणूस आहे हो. बोलत नाही एवढंच.

मग काय, मेथीची भाजी! दोन भगुणी. भाकरी मी, जाऊबाई आणि शेजारच्या दोघीतिघी. संध्याकाळी ढोल आले. फाटकात जाऊबाईंनी पाय धुवायला पाणी दिलं. मोरपिसांचे टोप आमच्या परसात! अख्खं मावला कुंपणावर लटकलेलं. मेथीच्या जागेवर ते नाचले, फुलकोबीच्या एका पानाला धक्का नाही. भासरे विहिरीच्या काठावर बसून होते. बोटं मात्र गुडघ्यावर ठेका धरत होती. मी पाहिलं.

पटेल जेवताना म्हणाले, "बाई, लय मान देल्ला." मी त्यांच्या ताटात आणखी एक भाकर वाढली.

२८ ऑक्टो.

आज चतुर्दशी. आमच्याकडे पहाटे न्हालं नाही तर नरक, त्यांच्याकडे न्हालं तर देवाची रीत मोडते. जाऊबाई उटण्याची वाटी घेऊन गोंधळलेल्या. शेवटी घरच्यांपुरतं उटणं, पाहुण्यांना नुसताच फराळ.

निघताना पटेल भासऱ्यांपुढे हात जोडून उभे राहिले. "दादा, दिवाळी झाल्यावर दंडारीचा समारोप आमच्या गावी. आता तुमी याचं." भासरे फाटक उघडायला गेले. सगळे गेल्यावर वाफ्यात कुदळ घातली, दुपारपर्यंत नवी मेथी पेरून टाकली. जाऊबाई म्हणाल्या, "ते काई जात नाईत, पाह्य तू."

१ नोव्हेंबर.

भाऊबीज काल झाली. आज दुपारी मी एकटी ओसरीवर तांदूळ निवडत होते. जाऊबाई नदीवर, हे बाजारात. भासरे आले. पदर ओढून उठायला लागले तर ते तिथंच थांबले. जाऊबाई नाहीत, गाय नाही, मध्ये कुणीच नाही.

"सुनबाई, तिकडे थंडी लय असते काय?"

मला. थेट.

 मान हलवून भागलं असतं. पण बोलले.

"असते. सकाळी धुकं दारात येते."

त्यांनी ऐकलं. नुसतं "हं" म्हणाले आणि पाणी द्यायला निघून गेले.

संध्याकाळी जाऊबाईंना सांगितलं.  त्यांनी उठून पेटी उघडली, भासऱ्यांची घोंगडी काढली, झटकली, वलणीवर टाकली. उटनूरची बस सकाळची आहे. भासऱ्यांनी अजून कुणाला काही सांगितलेलं नाही, आणि आम्हीही विचारलेलं नाही.