लाल कानांचा स्वागतपुरुष

सोमवार, ३ मार्च

संग्रहालयाचं नवं दालन लावून झालं एकदाचं. नाव — 'आपला कॅनडा'. मधोमध विन्स्लेडचं ते मोठं निसर्गचित्र, 'निर्जन किनारा'. निर्जन! आमच्याच गावचा किनारा तो. त्यानं चित्र काढलं तेव्हा तिथं अकरा घरं होती, आणि त्यातल्या आमच्या घरी हा सबंध हिवाळा जेवत होता. खाल्ल्या घरचे वासे मोजणारे पुष्कळ ऐकलेत. यानं वासेच गाळले! शेजारी त्याचा फोटो, तिरकी टोपी घातलेला.

फोटोपलीकडे आमच्या गावाहून कधीकाळी उचलून आणलेला लाकडी पुतळा. देवदाराचा, माणसाहून उंच, डोक्यावर तशीच तिरकी टोपी, कान लालभडक. खाली पाटी — 'स्वागतपुरुष. आदिवासी पाहुणचाराचे प्रतीक. कर्ता अज्ञात.'

मी खुर्चीवर बसून पहारा करते. हसू आलं तर खोकायचं.

मंगळवार, ४ मार्च

लोक त्याच्या खांद्यावर हात टाकून फोटो काढतात. एका बाईनं विचारलं, "कान लाल का हो?" आमचे संचालक ग्रेगरीसाहेब लगबगीनं पुढे — "आनंदाचा रंग!" मी खोकले.

लाल कान म्हणजे काय हे आमच्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. ज्यानं दुसऱ्या घराण्याची मेजवानी झोडली आणि उलट घातली नाही, त्याचा असा पुतळा कोरून चारचौघांत उभा करतात. तो मेजवानी घालेपर्यंत हटत नाही. घातली की उतरवायचा. आणि इथं शाळेच्या सहली त्याला नमस्कार करतात!

रविवार, ९ मार्च

अ‍ॅग्नेस मावशीला दालन दाखवलं. वय सत्त्याऐंशी. चित्रावर काठी रोखून म्हणाली, "इथं आमची चूल होती. तिच्यावर ढग काढलाय मेल्यानं." काठी चित्राला टेकली. पहाऱ्यावर मीच, मग तक्रार कोण करणार?

पुतळ्यापुढे मात्र तिनं काठी खाली घेतली. मग म्हणाली, "विन्स्लेडच हा. त्याचीच टोपी." आणि निघताना, "पोरी, मी डोळे मिटायच्या आत हा घरी यायला हवा."

सोमवार, १० मार्च

साहेबांना विचारलं. "अहो, तो तर दालनाचा आत्मा!" अर्ज करा, समिती बसेल, दोन-तीन वर्षं लागतील वगैरे. मावशीला सांगितलं.

"बसू दे समितीला. मी उभी राहते," म्हणाली.

शुक्रवार, १४ मार्च

उद्घाटन. विन्स्लेडची नात मोत्यांची माळ घालून पहिल्या रांगेत. आशीर्वादाला मावशी — आदिवासी म्हातारीवाचून अडतं ना! ती आमच्या भाषेत काहीबाही पुटपुटेल आणि सगळे डोळे मिटतील, असा साहेबांचा बेत. पण बाई बोलली ती खणखणीत इंग्रजीत.

"याला स्वागतपुरुष कोण म्हणतं? फुकटखाऊ आहे हा! टोपी बघा, मग तो फोटो बघा."

लाल कानांचा अर्थही सांगून टाकला. सगळ्यांचे घास हातातच राहिले. नातीचेही कान लाल. साहेब माझ्याजवळ येऊन कुजबुजले, "तुमचा खोकला आत्ता कळला मला."

शनिवार, १५ मार्च

सकाळीच साहेबांचा फोन. "घेऊन जा तो पुतळा. गाडी आम्ही देतो." समिती बसली आणि उठलीसुद्धा!

मंगळवार, १८ मार्च

पुतळा अंगणात उभा आहे. मावशी त्याच्यापुढे खुर्ची टाकून बसली, काठीनं टोपीवरची धूळ झाडली आणि म्हणाली, "हा विन्स्लेड नव्हे ग. माझा बाप हा. तुझा आजोबा."

टोपी? हिवाळाभर होडी वल्हवली म्हणून विन्स्लेडनं दिलेली. तेवढंच दिलं. आजोबांनी पलीकडच्या कावळा घराण्याची मेजवानी खाल्ली होती. त्यांनी उलट मेजवानी मांडली त्याच दिवशी पोलीस आले, आमच्या मेजवान्यांवर सरकारची बंदी म्हणून भांड्यांसकट सगळं उचलून घेऊन गेले. बंदी उठायच्या आतच आजोबा गेले. ठाऊक असूनही मावशी चारचौघांत खोटं बोलली.

"उद्यापासून मासे धुरावर टांगू," ती म्हणाली. "कावळा घराण्याची तीनशे पानं उठवायची आहेत. त्याचे कान असे ठेवून मला मरायचं नाही."