लाकडाची ऊब

२६ ऑक्टोबर
आलो एकदाचे! खाली उदिने शहरातल्या त्या कोंदट फ्लॅटची कटकट मिटली. इथे वर डोंगरात दोनच घरं, एक आमचं आणि एक तुल्लिओकाकांचं. खिडकीसमोर लार्चची झाडं नुसती पिवळीधमक झालीत, आणि इवो सकाळपासून शीळ घालत खोकी उघडतोय. तुल्लिओकाका सत्तरीचे, पण खांदे अजून बैलासारखे. चीज-बटाट्याचं गरम फ्रिको घेऊन आले आणि इवोला म्हणाले, "बायको फार हडकुळी आहे हो तुमची. इथली थंडी हाडात शिरते, खाऊ घाला तिला."

३० ऑक्टोबर
स्वयंपाकघरात जुनी लोखंडी शेगडी आहे. तीच ठेवायची की पेलेटची नवी घ्यायची, यावरून आमची रोज जुंपते. मला लाकडाचा जाळ आवडतो. वर पोलेंताचं, म्हणजे मक्याच्या घट्ट लापशीचं, भांडं चढवता येतं आणि विजेवाचून अडत नाही. इवो म्हणतो, लाकडं कोण फोडणार, माझी ही पाठ? राख रोज कोण काढणार, तू? पेलेट म्हणजे दाबलेल्या भुशाच्या गोळ्या. पोतं ओतलं, बटण दाबलं, की दिवसभर बघायला नको. हरले मी. खरं सांगायचं तर भल्या पहाटे कुडकुडत जाळ करायचा मलाही कंटाळाच.

७ नोव्हेंबर
नवी शेगडी बसली; जुनी अजून शेजारीच, धुराड्याला जोडलेली. तुल्लिओकाका बघायला आले आणि दारातच थबकले. मग सगळं सांगितलं. हे घर त्यांच्या मुलाचं, फाउस्तोचं. त्यानेही हौसेने पेलेटची शेगडी आणली आणि लाकडाची मोडीत काढली. त्या हिवाळ्यात काका पाय मोडून खाली इस्पितळात होते. बर्फ पडला, वीज गेली, शेगडी बंद पडली, रस्ताही बंद. दार उघडलं तेव्हा फाउस्तो आणि त्याची चिमुरडी एकाच पांघरुणात होती, गारठून कडक झालेली. ही लोखंडी शेगडी काकांनी नंतर स्वतः आणून बसवली, रिकाम्या घरात.
मला रडू आवरेना. इवोलाही वाईट वाटलं. पण काका फाटकाशी पोचले नाहीत तोच तो बोलून गेला, म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय म्हणून. काकांनी मागे वळून पाहिलं.

२१ नोव्हेंबर
दुकानातून परतले तर काका आमच्या झोपायच्या खोलीत! पलंगावर घोंगड्या रचत होते, एकावर एक. इवोने दंडाला धरून बाहेर काढलं आणि पुन्हा उंबरा ओलांडायचा नाही असं बजावलं. वर हेही सुनावलं की जुनी शेगडी शनिवारी भंगारात जाणार.

२ डिसेंबर
बर्फ थांबतच नाही. भंगारवाला आलाच नाही. सकाळी वीज गेली आणि पेलेटची शेगडी थंड पडली. आमच्याकडे लाकडाची ढलपीही नव्हती. काका घसरगाडीवरून लाकडं घेऊन आले आणि जुन्या शेगडीत जाळ केला. इवोने माफी मागितली, मी त्यांच्या गालाचा मुका घेतला.
दुपारी वीज आली. नवी शेगडी घरघरू लागली. इवो हसत म्हणाला, "उपकार झाले काका, आता न्या तुमची लाकडं."
काकांनी मान हलवली. बाहेर गेले आणि कुऱ्हाड घेऊन आत आले. पहिला घाव नव्या शेगडीवर. इवोने हात धरला. दुसरा घाव त्याच्या मानेवर.

३ डिसेंबर
दाराला बाहेरून साखळी. फोन त्या म्हाताऱ्याने जाळात टाकला. मी इवोच्या मानेवर चादर दाबून धरली होती, पण रक्त थांबेना — मग आपोआप थांबलं.
मी ओरडून सांगितलं, मेलाय तो, तुम्ही मारलंत. तो म्हणाला, "नाही गं पोरी. गारठलाय नुसता." इवोला खुर्चीत बसवून शेगडीजवळ ओढलं.

४ डिसेंबर
शेगडी लालबुंद. भिंत तापलीय. तो लाकडं आणायला जातो तेवढ्यात लिहिते. कुऱ्हाड सोबत नेतो.
त्याने इवोचा तळवा शेगडीच्या पत्र्यावर ठेवला. दाबून. तो वास — मी ओकले. त्याने मनगट चाचपलं आणि रडत म्हणाला, अजून गारच आहे.

५ डिसेंबर
खिडकीची काच फोडली. गज हलत नाहीत. हात बाहेर काढून बर्फात खणत राहिले, हाका मारत राहिले. कुणी नाही. बोटं पांढरी — पेन्सिल धरवत नाही —
तो आलाय. रागावला नाही. माझे हात हातात घेतले. "पोरी, तूही गारठलीस की."
शेगडीचं दार उघडतोय. निखारे पुढे ओढतोय.
म्हणतो, भिऊ नकोस, लगेच ऊब येईल, आण हात —
नाही मी