दोरीला लागलेला हात

बाबा,

तुम्ही गेलात तेव्हा माझं लग्नही झालं नव्हतं, त्यामुळे नात तुम्ही पाहिलीच नाहीत. चार वर्षांची आहे, अजून बोलत नाही. ऐकू येतं, जरा जास्तच येतं. मिक्सर लावला की कान झाकून न्हाणीघरात जाऊन बसते. फ्रॉकची शिलाई टोचते, हात धरला की अंग आक्रसून घेते. कुडाळला थेरपीला नेते, तिथल्या मॅडम म्हणतात वेळ द्या. शेजारची वयनी म्हणते, "देवाक नारळ ठेव गो, बोलतली." नारळ ठेवला, वेळही देतेय. राग मात्र दोघींचाही येतो.

रापणीचं जाळं किनाऱ्यावर ओढताना केवढा आरडाओरडा चालतो, म्हणून तिला तिकडे नेतच नव्हते. रापणकाराची नात, आणि समुद्र फक्त घरातून ऐकायची. मग मॅडमनी सांगितलं, तिला जोर लावायचं काम द्या, ढकलायचं, ओढायचं, त्यानं अंग शांत होतं. म्हटलं, ओढायला आपल्याइतकं कोण ओढतं? गेल्या रविवारी सकाळी घेऊन गेले.

जाळ्याचा दोर धरून माणसं मागे मागे सरकतायत. ती आधी कडेवरून उतरेना. मग उतरते, टाचा उचलून वाळूतून जाते आणि शेवटच्या माणसामागे तो ओला, खरखरीत दोर दोन्ही हातांनी धरते. आता सोडेल, मग सोडेल म्हणत मी उभी. ती मागे रेलून ओढतच राहते. कानांवर हात न्यायचं विसरूनच गेली.

मासळीचे वाटे घालायला तुमच्या जागी आता धाकटे काका बसतात. वाटे झाले तशी मी तिला घेऊन निघाले.

"खंय चल्लंस गो? चेडवाचो वाटो रवलो मगे."

"तेचो कसलो वाटो काका, खेळाक इला ता."

काका वैतागले. "दोर धरल्यान मां? तुझो बापूस काय सांगी? जेचो हात दोरयेक लागलो, तेका वाटो."

त्यांनी तिच्यासमोर पेडव्यांचा लहानसा ढीग वेगळा काढला. नाव सांग म्हटलं नाही, बोल बघू म्हटलं नाही. तिनं एका पेडव्याला बोट लावून बघितलं, नाक मुरडलं, आणि फ्रॉकचा घोळ पसरून उभी राहिली. घरी येईपर्यंत तो ओला घोळ तिनं सोडला नाही. पेडवे मी तळले, तिनं तोंडही लावलं नाही. तुमच्यासाठी एक पानावर ठेवला.

लोकांना मी सांगते, नाही बोलली तरी चालेल. तुमच्याशी खोटं कशाला बोलू, नाही चालत. तुम्ही किनाऱ्याच्या त्या टोकावरून मला "चेडवाऽ" म्हणून हाक मारायचात, ती हाक गेली, आणि तिची अजून आली नाही. मधल्या मधे मी नुसती वाट बघत बसलेय. तुम्ही असतात तर निदान कुणीतरी मला हाक मारली असती.

काल दुपारी ती झोपली होती. तिच्या हसण्यावरून तिचा आवाज कसा असेल याचा अंदाज घेतला आणि स्वतःलाच हळूच हाक मारून बघितली, आई. मग ओ सुद्धा दिली. हे कुणाला सांगितलेलं नाही. तुम्ही समोर असतात तर तुम्हालाही सांगता आलं नसतं.