धांदल आणि निवांत यांच्या परवान्यावरून मेहुण्याचे नाव कमी करण्याबाबत

प्रति,
मा. परवाना अधिकारी,
पाळीव प्राणी विभाग,
नगरपालिका कार्यालय.

विषय : लॅब्रॅडॉर जातीच्या दोन कुत्र्यांच्या परवान्यात 'सांभाळणारी व्यक्ती' म्हणून मेहुण्याऐवजी अर्जदाराचे नाव लावून मिळणेबाबत.

संदर्भ : आपल्या विभागाने मैदानावर घेतलेली आज्ञापालन चाचणी.

महोदय,

१. अर्जदार शाळेत शारीरिक शिक्षणाचा शिक्षक आहे. त्याच्या एका शिट्टीवर सबंध शाळा रांगेत उभी राहते. गेल्या वर्षी त्याने लॅब्रॅडॉरची दोन पिल्ले घरी आणली. त्यांतील बहिणीचे नाव धांदल. भावाचे नाव निवांत. ते आशेपोटी ठेवले होते.

२. दोघांच्या शिक्षणात अर्जदाराने कसूर केली नाही. रोज सकाळी गळ्यात शिट्टी, खिशात बिस्किटे. परंतु 'बस' म्हटले की धांदल छातीवर उडी मारी आणि 'थांब' म्हटले की निवांत अर्जदारालाच पट्ट्यासकट रस्त्याच्या कोपऱ्यापर्यंत ओढत नेई. सगळे पालथ्या घड्यावर पाणी. दरम्यान सोफ्याचा एक हात आणि अर्जदाराचे खेळाचे बूट त्यांच्या पोटात गेले.

३. अशात पत्नीचा धाकटा भाऊ, नोकरी सुटल्यामुळे, 'चार दिवस' म्हणून राहायला आला. तो अद्याप आहे. कुत्र्यांसाठी त्याने काडीचेही कष्ट घेतलेले नाहीत. तो दिवसभर फरशीवर लोळून वर्तमानपत्र वाचतो. तरीही आठवड्याभरात दोन्ही कुत्री त्याला दोन बाजूंनी चिकटून बसू लागली. "बसा रे जरा," एवढेच तो वर न बघता म्हणतो आणि ती बसतात. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच. अर्जदाराच्या अंगाचा तिळपापड झाला. त्यावर पत्नी म्हणाली, "अहो, तुम्ही हुकूम सोडता. तो त्यांच्याशी बोलतो." तेव्हापासून अर्जदाराने पत्नीशी काही काळ कामापुरतेच बोलणे ठेवले होते, हेही नमूद करणे भाग आहे.

४. पुढे निवांतने खालच्या मजल्यावरील आजोबांना प्रेमाच्या भरात जिन्यात आडवे केले. आजोबांना इजा झाली नाही, पण त्यांच्या सुनेने तक्रार केली आणि आपल्या विभागाने कळवले की चाचणीत नापास झाल्यास कुत्री घरात ठेवता येणार नाहीत. चाचणीच्या दिवशी अर्जदार नवा ट्रॅकसूट घालून उभा राहिला. शिट्टी वाजवली. पलीकडे खेळणारी मुले जागच्या जागी ताठ उभी राहिली. कुत्री मात्र थेट बाकावर बसलेल्या मेहुण्याकडे धावली. आपले परीक्षक म्हणाले, "मग ह्यांनाच करू द्या ना." मेहुण्याने केले. कुत्री पास झाली आणि परवान्यावर त्याचे नाव चढले.

५. आता मेहुण्याला दुसऱ्या गावी नोकरी लागली आहे. परवान्यातील अटीप्रमाणे कुत्र्यांनी नोंद असलेल्या व्यक्तीजवळच राहावे लागते. हे वाचल्यापासून अर्जदाराच्या घशाखाली घास उतरत नाही. त्याने मेहुण्याचा जुना शर्ट अंगात घालूनही पाहिला. निवांतने बाहीचा वास घेतला, मान वर करून अर्जदाराचे तोंड पाहिले आणि तो निघून गेला. त्या क्षणी अर्जदाराचा तोल सुटला. "घेऊन जा दोघांना! तुझीच आहेत ती!" असे तो मेहुण्यावर ओरडला. कुत्री टेबलाखाली गेली.

६. मेहुणा चिडला नाही. याचाही अर्जदाराला रागच आला. मेहुणा म्हणाला, "भाऊजी, मला तिथे एकच खोली मिळालीये. ह्यांना कुठे ठेवू? आणि मी काय शिकवलंय त्यांना? नोकरी गेल्यावर माझ्याशी बोलायला कुणी नव्हतं, म्हणून यांच्याशी बोलत बसायचो. या, तुम्हीही बसा इथे." पत्नी दारातून पाहत होती. अर्जदार शिट्टी काढून फरशीवर बसला. त्याने टेबलाखालच्या कुत्र्यांना शाळेतल्या कटकटी सांगितल्या. मुख्याध्यापकांचा विषय निघाला तेव्हा धांदल टेबलाखालून बाहेर आली.

७. सबब विनंती की, मेहुणा रवाना होण्यापूर्वी फेरचाचणी घेऊन परवान्यावर अर्जदाराचे नाव लावावे. अर्जदार रोज संध्याकाळी फरशीवर बसत आहे. 'थांब' अजून जमलेले नाही. परीक्षकांनी त्याबाबत थोडे सांभाळून घ्यावे. मात्र काल धांदल आपण होऊन आली, अर्जदाराच्या पावलावर बसली आणि बराच वेळ उठली नाही. पायाला मुंग्या आल्या, तरी अर्जदार हलला नाही. मेहुणा त्या वेळी त्याच खोलीत, हाकेच्या अंतरावर होता, याची कृपया स्वतंत्र नोंद घ्यावी.

आपल्या उत्तराकडे डोळे लावून बसलेला,

(सही)
अर्जदार,
शारीरिक शिक्षण शिक्षक

दिनांक : १४, चालू महिना

सोबत : परवान्याची प्रत (कोपरा धांदलने खाल्ला आहे, शिक्का शाबूत आहे).