कापड्याची माती आणि निशिगंधाच्या चार वह्या

लिहून ठेवणार : डॉ. चारुलता कमलाकर पोटनीस, वय ७१ वर्षे, निवृत्त संशोधक (पेशीजीवशास्त्र), राहणार महाड, जिल्हा रायगड.

कारणे लिहून ठेवते की, माझे हृदय आता निम्म्याच ताकदीने चालते. जिना चढताना मधे एकदा बसावे लागते. डोके मात्र जागेवर आहे, तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. हे लिहिताना माझ्यावर कोणाचा दबाव नाही; दबाव आणण्याइतके जवळचे आता कोणी उरलेलेही नाही. २०१७ साली केलेले मृत्युपत्र मी रद्द करते. ते नीटनेटके होते, पण त्यात लिहायला हवे ते मी लिहिले नव्हते.

कलम १. बाजारपेठेमागील दुमजली घर मला माझे पती कै. कमलाकर यांच्याकडून आले. ते मी त्यांचा पुतण्या चि. आमोद यास देते. आमोद ठाण्याला असतो, तो हे घर विकणार हे मला ठाऊक आहे आणि त्याला माझी हरकत नाही. विनंती एकच. कमलाकरांच्या बाराव्याला त्याच्या आईने सर्वांसमोर म्हटले होते, "वहिनी या घरात राहिल्याच कुठे?" ते वाक्य घरात पुन्हा निघू नये. अठ्ठावीस वर्षे मी दर शनिवारी पुण्याहून वरंध घाटाच्या एसटीने येत होते आणि सोमवारी पहाटे परत जात होते. त्या वाक्यात तथ्य होते, म्हणून ते लागले.

कलम २. पोस्टातील ठेव व स्वयंपाकघरातील सर्व वस्तू दासगावच्या बनुबाईंना द्याव्यात. बारा वर्षे त्या या घरचा स्वयंपाक करतात. २०२१ च्या जुलैत सावित्री नदीचे पाणी उंबऱ्यापर्यंत आले तेव्हा त्या माझ्याकडेच अडकल्या होत्या. जे वर नेता येईल ते आम्ही दोघी नेत होतो. मी पहिल्यांदा कपाटातल्या चार जाड वह्या उचलल्या. बनुबाई जिन्यात आडव्या उभ्या राहिल्या.

"ताई, आधी शेगडी घेऊ गो. ह्या वह्या कोन खानार हाय?"

"वह्या आधी," मी म्हटले.

"तुमच्या हायत?"

"माझ्या नाहीत."

त्या जिन्यातून बाजूला झाल्या. पाणी घरात शिरले. शेगडी वाहून गेली, धान्य गेले, कमलाकरांची गणिताची पुस्तके गेली. चार वह्या राहिल्या. त्या कोणाच्या, हे मी बनुबाईंना आजवर सांगितले नाही. हे मृत्युपत्र त्यांना वाचून दाखवावे.

कलम ३. या वह्या कु. निशिगंधा हैबती उतेकर, राहणार कापडे, तालुका पोलादपूर, हिच्या आहेत. २००७ साली ती माझ्याकडे पीएच.डी. करण्यासाठी पुण्याला आली. तिचे वडील भातशेती करतात. दिवाळीला घरी गेली होती, ती परत येताना डब्यातून शेतातली माती घेऊन आली आणि त्या मातीतून तिने एक अमीबा वेगळा काढून वाढवला. हा जीव आजूबाजूचे पाणी पितो. त्याचे अंग ज्या पातळ पटलात गुंडाळलेले असते ते पटल वाटीसारखे वाकते, वाटीत पाणी येते, मग वाटीचे तोंड मिटते. पटलाच्या आतल्या बाजूला ऍक्टिन नावाच्या प्रथिनाचे धागे उभे राहतात आणि त्याला जोर देतात. पटल आधी वाकते की धागे आधी जमतात, हा आमचा प्रश्न होता. बाहेरच्या माणसाला यात काय मोठे असे वाटेल. मी आयुष्यातली वीस वर्षे त्याला दिली.

धागे आधी, असे माझे उत्तर होते. त्यावर माझे नाव झाले होते, व्याख्याने झाली होती, नवा मोठा लेख छापायला निघाला होता. निशिगंधा एका सकाळी माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली.

"मॅडम, पटल आधी वाकतं. धागे नंतर येतात. दोन-तीन सेकंदांनी."

"किती वाट्या मोजल्यास?"

"चारशे बारा."

"तू पटलाला दिलेला रंग जास्त पडला असेल."

"रंग बदलून परत केलं, मॅडम. आपल्या आधीच्या चित्रांत पटलाचा रंग फिका होता. वाकलेलं दिसतच नव्हतं. म्हणून धागे आधी आल्यासारखे वाटले."

ती बरोबर सांगत होती, हे मला त्याच क्षणी कळले होते. नंतर अनेक वर्षे मी स्वतःला सांगत आले की तेव्हा शंका होती. शंका नव्हती. मी म्हटले, "हे प्रबंधात घालायचं असेल तर माझी सही मिळणार नाही." ती म्हणाली, "मग प्रबंध नको." चार वर्षांचे काम टाकून ती गेली. लेख २०११ साली छापून आला. तिच्या अमीबाला मी क्रमांक दिला सीपी-७, म्हणजे माझी आद्याक्षरे. संस्थेच्या संग्रहात तो अजून त्याच नावाने आहे. ते नाव बदलून कापडे-१ करावे, असे पत्र मी संचालकांना पाठवले आहे. आमोदने त्याचा पाठपुरावा करावा.

कलम ४. यापेक्षा वाईट गोष्ट पुढची आहे. ती आजपर्यंत कोणाला लेखी दिलेली नाही.

निशिगंधाने दुसऱ्या शहरातील एका प्रयोगशाळेत अर्ज केला होता. तेथील प्रमुखांनी मला अभिप्राय विचारला. मी लिहिले : "कष्टाळू आहे, परंतु तिच्या निरीक्षणांवर विसंबता येत नाही." तिला जागा मिळाली नाही. ती पोलादपूरला आली आणि शाळेत विज्ञान शिकवू लागली.

२०१५ साली परदेशातल्या एका गटाने नव्या सूक्ष्मदर्शकाने तेच दाखवले जे ती सांगत होती. निवृत्तीआधीच्या शेवटच्या महिन्यांत, प्रयोगशाळेतली मुले गेल्यावर, मी स्वतः कापड्याच्या अमीबावर प्रयोग केला. पटल आधी वाकले. मी चित्रे पुसून टाकली आणि तिच्या वह्या कोणाच्या हाती पडू नयेत म्हणून घरी आणल्या. पुरात त्या पहिल्यांदा का उचलल्या, याचे उत्तर मला देता येत नाही. त्या बुडाल्या असत्या तर मी सुटले असते.

कमलाकरांना सगळे माहीत होते. ते म्हणाले, "त्या मुलीला पत्र लिही." मी म्हटले, निवृत्त झाले की लिहिते. मी निवृत्त होऊन तीन वर्षांनी ते गेले. पत्र लिहिलेले नव्हते.

कलम ५. मागच्या डिसेंबरात मी रिक्षा करून कापड्याला गेले. निशिगंधा खळ्यात भाताची पोती शिवत होती. तिने खुर्ची आणली, पाणी दिले. मी सगळे सांगितले, अभिप्रायाचेही. तिने दाभण पोत्यात खोचून ठेवले.

"आठ वर्षं मी सूक्ष्मदर्शकाला हात लावला नाही," ती म्हणाली. "शाळेत प्रॅक्टिकल असलं की दुसऱ्या सरांना सांगायची. वाटायचं, आपल्याला बघताच येत नाय."

मी क्षमा मागितली.

"तुम्ही हे अजून कुणाला सांगितलंय?"

"फक्त कमलाकरांना. त्यानंतर तुलाच."

"मॅडम, मला सांगून काय उपयोग? मी बघितलं ते खरं होतं, हे मला नंतर कळलंच होतं."

परत येताना रिक्षावाल्याने दोनदा विचारले, बाई बरं वाटत नाही का. तिचे म्हणणे खरे होते. घरी आल्यावर मी लेख छापणाऱ्या नियतकालिकाला पत्र लिहिले : २०११ चा लेख चुकीचा आहे, मला ते ठाऊक होते, खरे निरीक्षण निशिगंधा उतेकर यांचे आहे. ते छापण्यास संपादकांनी मान्यता दिली आहे. दुरुस्तीवर निशिगंधाचे नाव लेखिका म्हणून घालायचे तर तिची संमती लागते. ती तिने अद्याप दिलेली नाही. माझ्या पश्चात कोणीही तिच्याकडे ती मागायला जाऊ नये. द्यायची की नाही, हे तिचे तिने ठरवावे.

कलम ६. माझा स्वतःचा सूक्ष्मदर्शक, पुस्तके, चार वह्या आणि कापड्याच्या अमीबाचे बीजाणू वाळवून ठेवलेल्या सहा काचेच्या नळ्या निशिगंधा उतेकर हिला द्याव्यात.

कलम ७. अंत्यविधी महाडच्या स्मशानात करावा. दिवस घालू नयेत. शोकसभा घेऊ नये. घेतलीच तर तेथे माझ्या संशोधनाची स्तुती करू नये.

कलम ८. या मृत्युपत्राची अंमलबजावणी आमोदने करावी. तो व्यवहारी मुलगा आहे, करील.

सहीपूर्वी हाताने वाढवलेला मजकूर :

आज सहीसाठी वकील श्री. सहदेव मोरे घरी आले. निशिगंधालाही मी बोलावले होते, पण येईल असे वाटले नव्हते. शाळा सुटल्यावर ती आली. जिन्यावरच्या खिडकीत बसून तिने सगळी पाने वाचली. मधे बनुबाईंनी चहा दिला, तो तिने घेतला. वाचून झाल्यावर ती वकिलांना म्हणाली, "सहावं कलम काढा."

मी विचारले, "का गं?"

"वह्या माझ्याच आहेत. नळ्यांतला अमीबा आमच्या शेतातल्या मातीतला. त्या तुम्ही कशा देणार? त्या मी आज घेऊन जाते. सूक्ष्मदर्शक शाळेला द्या, माझ्या नावाने नको."

मी बरे म्हटले. मग तिने विचारले, "साक्षीदार कोण आहे?"

वकील म्हणाले, "मी एक. दुसऱ्या म्हणून खालच्या दुकानातल्या दर्शनाताई येतायत. ज्याला मृत्युपत्रात काही मिळतं, त्याने साक्षीदार होऊ नये."

"मला आता काय मिळत नाय," निशिगंधा म्हणाली. "त्यांना कशाला त्रास? मी करते."

म्हणून कलम ६ रद्द केले आहे. सूक्ष्मदर्शक व पुस्तके पोलादपूरच्या तिच्या शाळेस द्यावीत. वह्या व नळ्या तिच्या ताब्यात दिल्या, त्या माझ्या मालमत्तेत धरू नयेत.

हे सर्व मी वाचून, समजून, खाली नाव घातलेल्या दोघांच्या देखत सही केली, आणि त्यांनी माझ्या देखत केली.

स्थळ : महाड
दिनांक : १८ नोव्हेंबर २०२५

(सही) चारुलता कमलाकर पोटनीस

साक्षीदार :
१. (सही) सहदेव मोरे, वकील, राहणार महाड
२. (सही) निशिगंधा हैबती उतेकर, शिक्षिका, राहणार कापडे, तालुका पोलादपूर. सही होताना मी समोर होते, मी पाहिले.