शनिवारचे सैल बोल्ट

प्रिय दादा,

हे फोनवर सांगायचा मी चार वेळा प्रयत्न केला. चारही वेळा तू मला बोलू दिलं नाहीस. बारके, जेवलीस का, शटर नीट लागतं का, असं विचारत भलतीकडेच वळलास आणि मीही सुटका झाल्यासारखी तुझ्या मागोमाग गेले. म्हणून आज दुपारी शटर अर्धं ओढून, आपण ज्याला ऑफिस म्हणतो त्या खुराड्यात लिहायला बसलेय. टेबलावर ग्रीस आहे, एखादा डाग कागदावर उमटला तर चालवून घे. माझं अक्षर कोंबडीने पाय ओढल्यासारखं आहे असं तू शाळेपासून म्हणत आलास. आज मुद्दाम सावकाश काढतेय.

इकडचं बरं चाललंय. कोपऱ्यातला नळ एकदाचा गळायचा थांबला. शेजारचा वेल्डर येताजाता तुझी चौकशी करतो आणि तुझ्या स्टुलावर टेकायला गेला की मी त्याला उठवते. कामं भरपूर आहेत. तुझ्याकडची खबर मात्र मला तुझ्या लेकीकडूनच कळते. ती म्हणते, तू खिशात वही ठेवतोस आणि गोळी घेतली, दार लावलं, गॅस बंद केला, असं सगळं त्यात टिपतोस. गाडीची किल्ली तिच्या हवाली केलीस आणि कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंतही चालवायला तयार नाहीस. परवा तिच्या मोटारीच्या पुढच्या चाकातून खडखड यायला लागली, तर तू म्हणालास, मला विचारू नकोस, माझ्या डोक्याचं आता काही खरं नाही. रस्त्यावरून जाणाऱ्या गाडीचा नुसता आवाज ऐकून कुठलं बेअरिंग गेलंय ते सांगणारा तू! हे मला सहन होत नाही, आणि त्याला कारण आहे.

दातांच्या डॉक्टरांची ती लाल स्पोर्ट्सकार आठवतेय ना? दोन माणसांची, बिनछपराची, वयाने माझ्याएवढी आणि नखऱ्याने माझ्याहून जास्त. पुढचं सगळं सस्पेन्शन नव्याने बांधायचं होतं. नव्या स्प्रिंगा, चाकं धरणारे आर्म रंगवून, त्यांच्या सांध्यांत नवे रबरी बुश, सगळं. आपल्यात वाटणी ठरलेलीच. इंजिन, कार्ब्युरेटर, वायरिंग माझं आणि गाडीच्या पोटाखालचं तुझं. तीस वर्षं मी एकदाही तुझ्या बाजूला डोकं घातलं नाही आणि तू माझ्या. गिऱ्हाईक मात्र दारातून आत येताना माझ्याकडे बघून एकच विचारायचं, दादा नाहीत का? माझे हात कोपरापर्यंत इंजिनात असायचे आणि तरी, दादा नाहीत का! मी हसून तुला हाक मारायचे. आतून किती जळायचे ते तुला कधी कळू दिलं नाही.

त्या शनिवारी तुला कणकण होती. डोळे लाल झाले होते, तरी संध्याकाळपर्यंत गाडीखाली होतास. मीच तुला हाताला धरून बाहेर काढलं आणि घरी पाठवलं. सोमवारी सकाळी मी गाडीखाली बॅटरी घेऊन गेले, ब्रेकचा पाइप बघायला. बघते तर खालच्या आर्मांचे सगळे बोल्ट सैल. नुसते हाताने फिरवून ठेवलेले. त्या उन्हाळ्यात तू मला दोनदा आईच्या नावाने हाक मारली होतीस आणि तुझा चष्मा मला फ्रिजमध्ये सापडला होता. मी हे मनाशी गोळा करत होते, आणि त्यात आता हे. मला वाटलं, दादा बोल्ट आवळायला विसरला, आणि ही गाडी अशीच रस्त्यावर गेली असती तर डॉक्टर जिवानिशी गेले असते. मी पाना घेतला आणि अंगात होता नव्हता तेवढा जोर लावून सगळे बोल्ट आवळून टाकले. गाडी तेव्हा स्टँडवरच होती, चाकं हवेत लोंबत. पुढच्या चाकाजवळ वाळूची दोन पोती होती. इथे काय पसारा मांडून ठेवलाय, असं पुटपुटत ती मी ओढत भिंतीशी नेली. मग गाडी खाली घेतली आणि अंगणात लावली.

गुरुवारी तू आलास. गाडी चाकांवर उभी बघून दारातच थबकलास आणि विचारलंस, ही खाली कुणी घेतली? मी कार्ब्युरेटर साफ करत होते. मान वर न करता म्हणाले, तूच की, शनिवारी जाताना. दादा, देवाशपथ, तुला वाचवायला म्हणून बोलले मी. बोल्ट विसरला होतास हे तुला कळू नये, तुझं मन मोडू नये, एवढंच त्या क्षणी डोक्यात होतं. तू म्हणालास, मला तर ती स्टँडवरच ठेवल्याचं आठवतंय. मी म्हणाले, ताप होता तुला. तू वाकून पाना लावून पाहिलास. बोल्ट घट्ट होते. उठलास तेव्हा तुझा चेहरा असा झाला होता, की मी पुन्हा खाली मान घातली. तासाभराचं स्वतःचं काम कुणाच्या डोक्यातून असं पुसून जावं, याचा तू दिवसभर विचार करत होतास. दोनदा मला म्हणालास, बारके, मला काहीच कसं आठवत नाही गं.

आणि ती गाडी नाक वर करून उभी! मडगार्डच्या कडेपासून चाकाच्या मध्यापर्यंत मोजलं, तर दोन्ही बाजूंना सव्वा इंच जास्त. तू म्हणालास, स्प्रिंगा नव्या आहेत, बसतील. आठवडाभर चालवली, बसल्या नाहीत. मग स्प्रिंगा काढून त्यांची लांबी जुन्यांशी ताडून पाहिलीस. त्या खाचेत नीट बसल्यात का ते तपासलंस, स्प्रिंगांखालची रबरं बदललीस, टायरची हवा मोजलीस, माप टेपचं चुकतंय म्हणून दुसरा टेप आणलास. दर वेळी नाक तसंच वर. तीन आठवडे तू त्या गाडीशी झटलास आणि फक्त एका जागी शोधलं नाहीस. ते बोल्ट, ते बुश. एवढ्या वेळा गाडी खोललीस, पण आर्म जिथे चॅसीला धरतात ते बोल्ट तू एकदाही सैल केले नाहीस, कारण ते तू स्वतःच, तुझ्या पद्धतीने, गाडी खाली घेऊन आवळलेत असं मी तुला सांगितलं होतं.

शेवटी डॉक्टर चिडले. तू बाहेर गेला होतास आणि त्यांनी मला गाठलं. मी त्यांना काय सांगितलं, ते आज तुला सांगते. मी म्हणाले, दादाचं हल्ली विसरायला होतं, बोल्टसुद्धा सैलच सोडून गेला होता, मी पाहिलं म्हणून बरं. डॉक्टरांनी माझ्याकडे बघून मान हलवली आणि म्हणाले, यापुढे गाडी तुम्हीच बघत जा. दादा, मला त्या क्षणी बरं वाटलं. लाज वाटते लिहायला, पण वाटलं. मग तेच मी तुझ्या लेकीला फोनवर सांगितलं. ती घाबरून धावत आली. तू वाद घातला नाहीस. किल्ल्यांचा जुडगा टेबलावर ठेवलास, मला म्हणालास, बारके, तू सांभाळून घेतलंस म्हणून निभावलं, आणि तिच्याबरोबर गेलास.

डॉक्टरांची गाडी दीड महिन्यापूर्वी परत आली. नाक वरच, आणि आता पुढून करकर आवाज. त्या सोमवारनंतर मी पहिल्यांदाच तुझ्या बाजूला शिरले. बुशांचं रबर फाटलं होतं, सगळीकडे एकाच दिशेने पिळवटल्यासारखं. तिथे पडल्यापडल्या मी एक बोल्ट सैल केला, नुसता अर्धा फेरा, आणि गाडी माझ्या डोळ्यांसमोर उसासा टाकल्यासारखी खाली बसली. दुसऱ्या बाजूचा सैल केला, तिकडूनही बसली. टेप लावला. बरोबर माप. उभ्याने माप घेऊन शिवलेली तंग विजार मांडी घातल्यावर काचते, तसं त्या रबराचं झालं होतं. चाकं लोंबत असताना मी त्याला जखडलं, आणि वजन आल्यावर ते जिवाच्या आकांताने गाडीला वर ढकलत राहिलं. म्हणून ते बोल्ट आधी नुसते हाताने फिरवून ठेवायचे, गाडी खाली घ्यायची, दोन्ही सीटवर माणसांच्या वजनाची पोती ठेवायची, गाडी चार वेळा दाबून हलवायची आणि मग आवळायचे. वाळूची ती पोती तू त्यासाठी भरून, वजन करून ठेवली होतीस. तापाने फणफणलेला असतानासुद्धा तू काही विसरला नव्हतास. मी भिंतीशी टेकून बसले आणि रडले. वेल्डर धावत आला, त्याला वाटलं हात चेमटला.

तेव्हाच तुला फोनवर थेट सांगून टाकायला हवं होतं. दीड महिना सांगितलं नाही. गिऱ्हाइकं आता थेट मला विचारतात, ताई, ऐकून सांगा ना काय झालंय, आणि मी कान लावते. मला ते आवडतं, दादा. उद्या सांगू, रविवारी सांगू, असं म्हणत मी रोज तुझ्या जागेवर उभी राहिले आणि तू तिकडे वहीत गॅस बंद केल्याचं लिहीत राहिलास.

काल तुझ्या लेकीचा फोन आला. मंगळवारी ती तुला मेंदूच्या डॉक्टरांकडे नेतेय. तिथून त्यांनी सांगितलंय की विसरण्याचे प्रसंग पहिल्यापासून, क्रमाने, जवळच्या माणसाने लिहून द्यावेत. ते काम तिने माझ्यावर सोपवलं, कारण सुरुवात माझ्यासमोर झाली. मी कागद घेतला. एक, बोल्ट सैल सोडले. दोन, गाडी खाली घेतल्याचं आठवलं नाही. तिथेच पेन थांबलं. दोन्ही ओळी खोडल्या. चष्मा आणि आईचं नाव तेवढं ठेवलं, कारण ते खरं आहे. बाकी वही, किल्ली, दहा वेळा दार तपासणं, हे सगळं त्या गुरुवारनंतरचं आहे. त्यातलं आजारपण किती आणि मी घातलेली भीती किती, मला सांगता येत नाही. ते डॉक्टर सांगतील, तू जा, या पत्रामुळे जायचं टाळू नकोस. पण जाताना एवढं पक्कं धरून जा, की शनिवारी गाडी स्टँडवर होती, बोल्ट सैल होते आणि तुला ते बरोबर आठवत होतं. खोटं मी बोलले. हे पत्र वाचून तू घडी घालून खिशात ठेवशील आणि लेकीला सांगशील, बारकी मजेत आहे, विशेष काही नाही. आजवर माझं सगळं तू असंच निस्तरत आलास. म्हणून याचीच दुसरी प्रत मी तिच्या नावाने आजच टाकतेय, आणि तुझी ही दोन दिवसांनी टाकेन. हे तुझ्या हातात पडेल तोवर तिने वाचलेली असेल, दादा. या वेळी मला पाठीशी घालू नकोस.

तुझीच,
बारकी