गळ्यात पडून रडायचा कार्यक्रम

३ फेब्रुवारी २००३
कंपनी सोडायचं पक्कं! पिशवी भरून खाटेखाली ठेवली. सुरतला जायचं. तिथं काय हाय म्हाईत न्हाई — म्हणून तर जायचं.

४ फेब्रुवारी
न्हाई गेलो. जिवनबाईचं काम अडलंय.
जिवनबाई आमच्या सेनगावाकडच्या बंजारा तांड्याची. इथंच कंपनीत झाडू मारता मारता रिटायर झाली. नात्यानं माझी कोणी न्हाई, पण मी तिला याडी म्हणतो — आमच्या बोलीत आईला याडी. मला कामाला तिनंच लावलं. तिचा एक डोळा गेलाच, दुसऱ्यावर पडदा चढून राहिला. रिटायर लोकांचं ऑपरेशन कंपनी करून देती. तिला तारीखबी मिळाली व्हती. अन् आज दवाखान्याच्या दारावर कागद — रिटायर लोकांचा इलाज बंद!
पर्सनल साहेबाकडं गेलो, कामगारांचं समदं त्याच्याच हातात. म्हणला, "कंपनीत नसलेल्या माणसाच्या डोळ्याचं कंपनीनं काय करायचं?"
म्हणलो, साहेब, डोळा कंपनीत असतानाच खराब झाला.
म्हणला, "नाव काय तुझं?"
नाव न सांगताच पळालो.

६ फेब्रुवारी
कँटीनमध्ये राडा. कोल्हापूरवाल्यांचं टेबल पंख्याखाली, बिहारींचं हात धुवायच्या नळापाशी, आमी मराठवाडी दारात. ऊन बी आमालाच, माशा बी आमालाच. आज एक कोल्हापूरवाला म्हणला, "तुमच्याकडं पाणी नाही म्हणे. आंघोळ दिवाळीलाच काय रं?" आमचा मुंजाजी कुरुंद्याचा. त्यानं उठून आपली पातळ आमटी त्याच्या ताटात ओतली. "घ्या पाव्हणं, पाणी!"
मी लई हसलो. तर मुंजाजी मलाच म्हणतो, "तू काहून हसतो? तू कुठं मराठवाड्याचा, तू तर तांड्याचा!"
म्हंजी मी दाराच्या बी बाहेर!

८ फेब्रुवारी
राड्याची खबर वर गेली. आता पर्सनल साहेबानं नवीन काढलं — एकोपा दिवस. हैदराबादेहून मोठे साहेब येणार, नायक नावाचे. ज्यानं त्यानं आपापली पाव्हण्याचं स्वागत करायची रीत दाखवायची.
"राठोड, तू बंजारा ना? आरशांचा ड्रेस घालून नाच."
म्हणलो, साहेब, तो बायांचा असतो.
"मग बाई आण!"
आणतो म्हणलो. डोक्यात चक्र चालू झालं. याडी मोठ्या साहेबाच्या समोर, अन् मधी पर्सनल साहेब न्हाई!

१० फेब्रुवारी
कँटीनमध्ये नवीन भांडण — नायक साहेब कोणाचे? गोव्याचा पेंटर म्हणतो आमचे. कर्नाटकवाले म्हणतात आमचे. कोल्हापूरवाले म्हणतात, एवढा मोठा माणूस आमचाच असणार. मुंजाजी म्हणला, "फोटो बघितला का? पोटावरून तरी मराठवाड्याचा न्हाई."

१२ फेब्रुवारी
याडीकडं गेलो. म्हणली, "नाचायचं माझ्या गुडघ्याला विचार. रीत दाखवायची ना? मग रडते."
बराबर हाय. आमच्यात पाव्हणा दुरून आला की बाया गळ्यात पडून चालीवर रडतात. किती दिसांनी आलास, वाट किती लांब — समदं गाण्यात.
म्हणलो, याडी, रडता रडता डोळ्याचं बी सांग.
लई भडकली. "पाव्हण्याला आपली तकलीफ सांगत असतेत व्हय? निलाजऱ्या! रीत म्हंजी रीत!"
आता?

१५ फेब्रुवारी
झालं बाबा!!
कोल्हापूरवाल्यांनी साहेबाला एवढा मोठा फेटा बांधला की डोळ्यावर आला. बिहारींनी पाय धुतले, मोजे काढायच्या आधीच पाणी ओतलं. साहेब तसेच उभे, ओले. मग आमची याडी. हातभर बांगड्या, आरशाची ओढणी, समदा मांडव चमकायला लागला. मी हाताला धरून नेलं, न्हाई तर ती वॉचमनच्या गळ्यात पडली असती.
साहेबाच्या गळ्यात पडली अन् असा सूर काढला की कबुतरं उडाली! पर्सनल साहेब ओरडला, "कोण वारलं? कोण वारलं?" कंपाउंडर स्ट्रेचर घेऊन पळत आला. कर्नाटकवाल्यांनी टोप्या काढल्या.
साहेबाला सुटता येईना. म्हणले, "क्या बोल रही है ये?"
याडी आमच्या बोलीत गात व्हती — भावा, किती लांबून आलास, बैल थकले असतील, वाटंत पाणी मिळालं का. अन् मग — माझा भाऊ लई जाड झाला गं, माझ्या दोन हातात मावंना!
मी म्हणलो, "साहब, बोल रही है, सारी उमर कंपनी झाड़ी, अब आँख चली गई, और कंपनी ने इलाज बंद कर दिया!"
ती एक ओळ रडायची, मी चार ओळी सांगायचो. दवाखाना, तारीख, दारावरचा कागद — समदं घातलं. पर्सनल साहेब पांढरा पडला. मोठ्या साहेबाचं तोंड लाल, खांदे गदगदा हालून राहिले, डोळ्यात पाणी. लई हळवा माणूस!
शेवटी म्हणले, "खोल दो. सबका इलाज चालू करो."
पर्सनल साहेब म्हणला, "येस सर, तेच म्हणणार होतो!"

१७ फेब्रुवारी
दारावरचा कागद गेला. मुंजाजीनं बाकावर सरकून जागा दिली. "ये रे तांड्या, बस." बसलो.

२ मार्च
याडीचं ऑपरेशन झालं, आज डोळ्याची पट्टी सुटली. मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "इतका काळा असशील वाटलं न्हवतं रे!"
सुरतची पिशवी उंदरानं कुरतडली. राहू दे.

११ मार्च
नायक साहेब परत आले. समद्यांपुढं इंग्रजीत बोलले. मग माझ्या मशीनपाशी थांबले, आजूबाजूला कोणी न्हाई बघितलं, अन् कानाशी तोंड आणून बोलले. आमच्या बोलीत! अस्सल तांड्याच्या!
"याडीनं डोळ्याचं नाव बी काढलं न्हवतं. मी जाड झालो म्हणत व्हती ती."